मृत्यूचे ठिकाण दुरुस्त करण्याबाबत

विषय : कै. दत्तू किसन ढगे यांच्या मृत्यूचे ठिकाण दुरुस्त करण्याबाबत.

संदर्भ : अर्जदाराने स्वतःच पूर्वी दिलेला जबाब.

अर्जदार : भिकन झिपरू महाले, धंदा मजुरी, राहणार गोडादरा, सुरत.

उपरोक्त विषयी सविनय सादर की, मयत इसम हा अर्जदाराच्या मोटारसायकलवर मागे बसला असता रस्त्यात पडून मरण पावला, असे अर्जदाराने पूर्वी लिहून दिले होते. ते खरे नाही. खरे ठिकाण पुढीलप्रमाणे.

पुढीलप्रमाणे काय, ते शेवटी. आधी सांगितलं तर तुम्ही उठून झोपायला जाल.

मूळ अर्ज अर्थातच गुजरातीत आहे. सुरतेत मेलेल्या मराठी माणसालासुद्धा गुजरातीतच मरावं लागतं. तेव्हा बसा नीट, मोबाइल उपडे ठेवा. भुताच्या गोष्टीत मध्येच रिंगटोन वाजली तर भुताला अपमान वाटतो. भिकनला तुमच्यातले निम्मे ओळखतात. मागच्या गल्लीत राहतो, पांडेसऱ्याच्या मिलमध्ये जातो. एकटा असला तरी मोटारसायकलच्या टाकीला पोट चिकटवून बसतो, मागं अख्खी सीट मोकळी ठेवून. तुम्ही त्याला हसता. आज ऐका, मग हसा.

तारीख पंधरा जानेवारी, वासी उत्तरायण. कालचे पतंग आणि कालचंच उंधियू सुरतेत ज्या दिवशी पुन्हा बाहेर काढतात, तो दिवस. रात्रीचे अकरा वाजून गेले होते. भिकन जेवून हात धूत होता, तेवढ्यात त्याच्या बायकोचा, वर्षाचा, फोन वाजला. पलीकडं तिचा सख्खा भाऊ चेतन.

हा चेतन त्याच मिलमध्ये सुपरवायझर. भिकनला खानदेशातून सुरतेला आणलं त्यानं, कामाला चिकटवलं त्यानं, खोली बघून दिली त्यानं. उपकार करून विसरायची त्याला सवय नव्हती. दर रविवारी एकदा तो ते मोजून दाखवी.

बहीणभाऊ आपसांत अहिराणीत बोलत. "ताई, दाजीले धाड ना वं," चेतन म्हणत होता. "मन्ही गाडी बंद पडनी. मिलना गेटवर उभा शे मी."

"कोसाडला, घरी पोचवून या त्याला," वर्षानं नवऱ्याला सांगितलं.

"रिक्षा करायला सांग."

"वासी उत्तरायणाला कुठला रिक्षावाला कोसाडला यायचा? भाऊ आहे माझा."

"रात्री मी गाडी काढत नाही. तुला माहीत आहे."

"माहीत आहे. आणि का काढत नाही, तेही माहीत आहे." वर्षानं ताट मोरीत ठेवलं, म्हणजे टाकलंच.

तिला जे माहीत होतं ते चुकीचं होतं, पण त्यात तिची चूक नव्हती. डिसेंबरात भिकनच्या मोबाइलवर ई-मेमो आला होता. सिग्नलवरचे कॅमेरे गाडीचा फोटो काढतात आणि दंड घरपोच पाठवतात, ते तुम्हा सगळ्यांना पाठ आहे. गुन्हा असा लिहिला होता की मागे बसलेल्या व्यक्तीनं हेल्मेट घातलेलं नाही. सोबत फोटो. उधन्याचा सिग्नल, रात्र. पुढं भिकन, हेल्मेट घालून, सरळ बघत. मागं कोणीतरी डोक्यापासून हनुवटीपर्यंत चादर गुंडाळलेलं, भिकनच्या पाठीवर गाल टेकून.

त्या रात्री भिकन मिलमधून एकटा आला होता.

"मांगे कोन बठेल शे?" वर्षानं फोटो दोन बोटांनी मोठा करत विचारलं होतं. मागं कोण बसलंय?

"कोणी नाही."

"कोणी नाही तर गाल लावून कशी बसलीय?"

"बाई नाही ती."

"मग बाप्या आहे? तेच बरं!"

भिकननं दंड भरून टाकला. दंड भरला म्हणजे गुन्हा कबूल. सरकारदरबारीही आणि घरीही. बायकोला वाटलं, मिलमधली कोणी कापडाचे दोरे काढणारी बाई असेल. भिकननं तिला तसंच वाटू दिलं. कारण फोटोतली ती हिरव्या चौकड्यांची चादर त्यानं ओळखली होती. ती त्याचीच होती. मिलमध्ये जेवणाच्या सुट्टीत अंग टाकायला ठेवलेली. आणि ती नवरात्रात दत्तूबरोबर जळाली होती.

तर आता दत्तू.

दत्तू ढगे मराठवाड्याचा, हिंगोलीकडचा. भिकनच्या शेजारच्या खोलीत राहायचा, बायको इंदुबाई आणि मुलगी दिपालीसह. सहा वर्षं दोघं एकाच गाडीवर डबल सीट मिलला गेले. गाडी भिकनची, गप्पा दत्तूच्या. जाताना तो बोलायचा आणि येताना झोपायचा. भिकनच्या पाठीवर डोकं टेकून, हात त्याच्या पोटाभोवती गुंफून, गाढ. खड्डा आला की जागा व्हायचा आणि विचारायचा, "कुठवर आलो रं?" भिकन सांगायचा, उधना आलं. की परत डोकं पाठीवर. असा माणूस पडत कसा नाही, असं लोक विचारत. दत्तू म्हणायचा, "भिकनभाऊ चालवतोय तर मी कशाला पडतो?"

नवरात्रातल्या अष्टमीच्या रात्री तो पडला.

मिलमध्ये कापडाच्या ट्रॉल्या वर न्यायला मालाची लिफ्ट असते. तिच्या दाराची जाळी कधीची तुटलेली. दत्तू भरलेली ट्रॉली ओढत उलटा चालत आला. लिफ्ट मागं येऊन उभी आहे असं समजून पाय टाकला. लिफ्ट तिथं नव्हती, तिसऱ्याच मजल्यावर होती. तो सरळ खड्ड्यात गेला.

भिकन दुसऱ्या खात्यात होता. चेतन धावत आला. "दाजी, गाडी काढा. दत्तूला लागलंय. श्वास चालू आहे. ॲम्ब्युलन्सची वाट बघत बसलो तर जाईल तो." दोघांनी मिळून दत्तूला मोटारसायकलवर बसवलं. डोक्याला भिकनचीच चादर गुंडाळली. पुढं भिकन, मध्ये दत्तू, मागं त्याला दोन्ही हातांनी कवळून चेतन.

"दाजी, बोलत राहा त्याच्याशी," चेतन म्हणाला. "झोपू देऊ नका."

म्हणून भिकन बोलत राहिला. "दत्तू, गेट ओलांडलं बघ. दत्तू, मोठा रस्ता लागला. उधना आलं, धरून बस. पूल आला, दत्तू. आता दवाखान्याचा दरवाजा येईल. माझ्यासंगं राहा. चल, आलंच." अष्टमीचा गरबा रंगात होता. रस्त्यावर प्रत्येक गाडीवर तिघं. चौकातल्या पोलिसानं हात हलवून जाऊ दिलं. दोनतीनदा तर भिकनला पाठीवर जाणवलं, दत्तूनं मान हलवली. हो म्हणाल्यासारखी.

सरकारी दवाखान्यात डॉक्टरनं चादर उचलली आणि परत टाकली.

मग व्हरांड्यात चेतननं भिकनला बाजूला घेतलं. "दाजी, लिफ्टचं निघालं तर मिलला टाळं लागेल. चारशे माणसं गावाला जातील, त्यांत तुम्ही आणि मीही. आणि खोटं काय सांगायचंय? रस्त्यात गेला ना तो? तुमच्याच गाडीवर गेला. मग गाडीवरून पडला म्हणा. एवढाच फरक."

भिकननं विचार केला. दत्तू गाडीवर गेला, हे तर खरंच होतं. पाठीवर मान हललेली त्याला स्वतःला कळली होती. अर्धं खरं असलं की उरलेल्या अर्ध्याला माणूस जागा करून देतो. त्यानं जबाब दिला : रात्री घरी येताना मागे बसलेल्या दत्तूस झोप लागून तो उधना तीन रस्त्याच्या अलीकडे दुभाजकावर पडला. खाली सही. पुढच्या महिन्यात भिकन दिवसपाळीचा मुकादम झाला, आणि लिफ्टला नवी जाळी बसली. त्या मिलमध्ये इतक्या तातडीनं दुसरं काही बसल्याचं कोणाला आठवत नाही.

दत्तूच्या दहाव्याला तापीकाठी कावळा शिवला नाही. दुपार झाली, भटजी घड्याळ बघायला लागले, शेवटी दर्भाचा कावळा करून भागवलं. इंदुबाईनं मात्र मनात घेतलं. अपघातात गेलेला माणूस गेल्या जागेवर घुटमळतो, तिथं जाऊन त्याला पान वाढावं लागतं, ही तिच्या गावची रीत. मग दर अमावास्येला संध्याकाळी ती उधन्याच्या त्या दुभाजकावर जायची. दोन्हीकडून ट्रक. दिपाली पदराचा आडोसा धरायची, इंदुबाई दिवा लावायची आणि भाकरी, ठेचा, पिठलं असं दत्तूच्या आवडीचं पान ठेवायची.

कार्तिक अमावास्येला ती भिकनच्या दारात आली होती.

"भावजी, नीट आठवून सांगा. खांबाच्या अलीकडं का पलीकडं?"

"का वहिनी?"

"पान तसंच राहतंय. कुत्रंसुद्धा तोंड लावंना. माझी जागा चुकत आसंल."

भिकननं छताकडं बघितलं. मग म्हणाला, "अलीकडं."

त्यानंतर महिन्याभरात तो ई-मेमो आला. आणि भिकननं रात्री गाडी काढणं सोडलं.

आता पुन्हा वासी उत्तरायणावर या. वर्षानं ताट टाकलं, ते भिकननं उचललं नाही. गाडीची किल्ली उचलली. बायकोला खरं सांगण्यापेक्षा भुताला भेटणं त्याला सोपं वाटलं असावं. तुमची लग्नं झाली की कळेल.

पांडेसऱ्यापर्यंत काहीच झालं नाही. विजेच्या तारांवरून मांजाचे तुकडे लोंबत होते, दिव्याखाली आले की चमकायचे. भिकननं गळ्याला मफलर दोन वेढे घेतला होता. मिलच्या गेटवर चेतन उभा होता, तोही मफलर गुंडाळून.

"कितला उशीर, दाजी," म्हणत तो मागं बसला. गाडी खाली दबली. निघाले.

पहिला चौक गेला.

"दाजी, जरा पुढं सरका ना."

भिकन सरकला.

"आणखी थोडं. मी पार कॅरिअरवर आलोय."

भिकन टाकीपर्यंत सरकला. "आता?"

चेतन मागं चुळबुळला. थोड्या वेळानं म्हणाला, "मध्ये काय ठेवलंय?"

"कुठं?"

"आपल्या दोघांच्या मध्ये. पिशवी आहे का?"

"नाही."



रस्ता रिकामा होता. गच्च्यांवरचे स्पीकर बंद झाले होते. गाडीचा आवाज तेवढा. भिकनला वाटलं, गाडी जड चाललीय. चढ नव्हता. तरी जड. त्यानं गिअर बदलला.

पाठीवर काहीतरी टेकलं.

दोन खांद्यांच्या बरोबर मध्ये. गोल. जड. तिथं सहा वर्षं रोज एक डोकं टेकत आलं होतं. पाठीला ती जागा माहीत होती.

"चेतन, डोकं टेकवू नको."

"मी नाही टेकवलं, दाजी."

"मग..."

"मी मागं आहे. खूप मागं आहे मी."

भिकननं आरशात बघितलं नाही. उधना जवळ आलं होतं. दुकानं बंद. एक पिवळा दिवा. दुसरा. मध्ये अंधार.

खड्डा आला. गाडी आपटली.

आणि कानाशी, झोपेतून जागं झाल्यासारखं...

"कुठवर आलो रं?"

भिकनला ओरडायचं होतं. पण तोंडाला सहा वर्षांची सवय. तोंडानं उत्तर दिलं.

"उधना आलं."

डोकं परत टेकलं.

मागून चेतनचा आवाज आला, बारीक. "दाजी... कोणाशी बोललात?"

भिकननं नजर रस्त्यावरून काढली नाही.

"दाजी, थांबवा गाडी."

मागं ट्रक होता. भिकननं वेग कमी केला नाही.

"दाजी, माझे हात... हात सुटत नाहीत माझे. यानं धरलेत. दाजी, गार आहे हो. तसंच गार आहे."

तसंच.

भिकननं तो शब्द ऐकला. "तसंच म्हणजे?"

फक्त श्वास. एकाचाच.

"चेतन. तसंच म्हणजे कसं?"

"दत्तू..." चेतन आता भिकनशी बोलत नव्हता. "दत्तू, मन्ही चूक व्हयनी. चूक झाली रे. मला माहीत होतं. खड्ड्यातून काढला तेव्हाच तू गेला होतास. हात लावला, गार पडला होतास. म्हटलं, मिलच्या बाहेर काढावं. दाजीला कळू दिलं नाही मी. दाजी हो म्हणाला नसता म्हणून... दत्तू, हात सोड... श्वास चालू आहे म्हणालो मी. नव्हता. नव्हता..."

भिकननं ब्रेक दाबला.

गाडी घसरत दुभाजकाला घासून थांबली. मागचे हात सुटले असावेत. चेतन पडला, उठला, रस्ता ओलांडून पळाला. मागं बघितलंसुद्धा नाही. अंधारात त्याच्या चपला वाजल्या आणि मग वाजायच्या थांबल्या.

भिकन उतरला नाही. त्याला उतरताच येईना. पाठीवर डोकं तसंच होतं.

त्याला आठवत होती ती मान. हो म्हणाल्यासारखी हललेली. त्या मानेवर विश्वास ठेवून त्यानं सही केली होती. ती मान रस्त्यातल्या खड्ड्यांनी हलली होती. चेतनचे हात मागून तिला सावरत होते, तेव्हा तो सगळा वेळ जाणून होता. तरी म्हणत होता, दाजी, बोलत राहा.

आणि भिकन बोलत राहिला होता.

आता हे तुम्ही शहरात वाढलेली पोरं, तुम्हाला कोणी सांगितलं नसेल. आपल्याकडं अस्थी घेऊन निघालं की वाटेत त्यांच्याशी बोलतात. नाका आला, बाबा, चला. पूल आला. आता गाडी बदलायची, संगं राहा. नाही सांगितलं तर मेलेला जीव वळणावर चुकतो, मागं राहतो. सांगितलं तर शेवटपर्यंत बरोबर येतो. आणि शेवटी नदीवर पोचल्यावर सांगायचं असतं, आलं तुमचं ठिकाण, आता थांबा, आम्ही निघतो. झिपरूच्या, म्हणजे स्वतःच्या बापाच्या अस्थी भिकननं अशाच नेल्या होत्या. तेच शब्द, त्याच चालीत. जिवंत दोस्ताला जागं ठेवायला म्हणून तो एका मेलेल्याला प्रत्येक वळणावर आवतण देत गेला होता. माझ्यासंगं राहा म्हणाला होता. थांब म्हणायचं राहून गेलं. तो जिवंत आहे असं समजणाऱ्यानं ते म्हणायचं तरी कसं?

बऱ्याच वेळानं भिकननं किक मारली.

"दत्तू," तो म्हणाला. "गाडी वळवतोय."

त्यानं गाडी दुभाजकाच्या फटीतून पलीकडं घेतली.

"तीन रस्ता सोडला. उधना सोडतोय. परत जायचंय आपल्याला. दत्तू, पांडेसरा आलं. चौक आला. धरून बस."

या वेळी प्रत्येक शब्द काय आहे ते ठाऊक होतं. म्हणून प्रत्येक शब्द अवघड जात होता.

गेटवरच्या वॉचमननं मुकादम म्हणून सोडलं. भिकननं गाडी आवारात घेतली, कापडाच्या ढिगांमधून, थेट मालाच्या लिफ्टपर्यंत. नवी जाळी. त्यामागं खड्डा. हेडलाइट त्यावर धरला.

"दत्तू, ही जागा. इथंच. मला खरंच..."

त्यानं दोन्ही पाय जमिनीवर टेकवले.

"आलं तुझं ठिकाण. उतर."

इंजिन धडधडत होतं. त्यानं तेही बंद केलं.

"उतर रं, दत्तू."

...

मग गाडीचं मागचं स्प्रिंग उचललं. एकदम नाही. सावकाश, थांबत थांबत. अंग दुखणारा माणूस उतरतो तसं. पाठ गार पडली. मोकळी झाली.

भिकन थांबून राहिला. दत्तू काहीतरी म्हणेल असं त्याला वाटत होतं. शिवी दिली असती तरी चाललं असतं. दत्तू काहीच म्हणाला नाही.

पहाटे भिकननं इंदुबाईचं दार वाजवलं आणि उभ्याउभ्या सगळं सांगितलं. लिफ्ट, चादर, चेतन, जबाब. स्वतःचं काही वगळलं नाही, एवढं त्याच्या बाजूनं म्हणता येईल.

इंदुबाई ऐकत राहिली. रडली नाही. मग म्हणाली, "मंग मी कोणाला जेवू घालत होते, भावजी?"

भिकननं मान खाली घातली.

"लेकीला घेऊन ट्रकमध्ये उभी ऱ्हायले मी. तुमाला इचारलं खांबाच्या अलीकडं का पलीकडं. तुमी अलीकडं म्हनालाव."

"वहिनी, मला वाटलं रस्त्यात गेला तो. चेतननं मला फसवलं."

"तुमाला चेतननं फसवलं. त्यांला कोनी?" तिनं दाराची कडी हातात धरली होती. "तुमच्या पाठीवर झोपायचे ते. जागं आसलेल्या मानसाला कोनीबी फसवतं. झोपलेल्याला फसवलाव तुमी."

दार लावून घेण्याआधी तिनं एवढंच सांगितलं, "जसं ते लिहून दिलं, तसं हे लिहून द्या."

पुढच्या अमावास्येला इंदुबाई पान घेऊन मिलच्या गेटवर गेली. वॉचमननं आत सोडलं नाही. ऑफिसातून विचारून आला आणि म्हणाला, "बेन, कागदावर तुमचा माणूस रस्त्यात मेलाय. रस्त्यावर वाढा." चुकीचं काहीच बोलला नाही तो. कागदावर तसंच होतं. तिनं पान झाकून परत घरी नेलं. म्हणून तो अर्ज. मृत्यूचं ठिकाण कागदावर बदललं तरच ती त्या खड्ड्याशी जाऊन पान ठेवू शकेल. तिला दुसरं काही नको आहे. निदान तिनं मागितलेलं नाही.

भिकनची मुकादमी गेली. तो पुन्हा रात्रपाळीला ट्रॉल्या ओढतो. चेतन मिलमध्ये परत आला नाही, कोसाडला घरी असतो. वासी उत्तरायणाच्या रात्री मी घरीच होतो, दाजीला उंधियू बाधलं असेल, असं त्यानं लिहून दिलं आहे. वर्षानं भावाचं म्हणणं ऐकलं आणि नवऱ्याचंही. मग भावाचा नंबर मोबाइलमधून काढून टाकला. नवऱ्याशी ती अजून कामापुरतंच बोलते.

कचेरीनं अर्ज घेतला. पुरावा मागितला. पुराव्याला भिकनकडं त्याचं तोंड होतं, आणि ते एकदा खोटं बोललेलं. शेवटी स्थळपाहणी करायचं ठरलं. मार्चमधली संध्याकाळ. कचेरीची जीप डिझेलवाचून उभी होती, तेव्हा पाहणी अधिकारी भिकनच्याच गाडीवर मागे बसून मिलमध्ये गेले. पोटानं मोठा, बोलायला कमी, असा माणूस. त्यांनी खड्डा बघितला, जाळी हलवून बघितली, वहीत काही टिपलं आणि त्याच गाडीवर परत आले. भिकन शपथेवर सांगतो, जाताना की येताना त्याच्या पाठीला काही लागलं नाही.

महिन्याभरानं कचेरीतून पत्र आलं. मराठीत सांगायचं तर मजकूर असा :

"स्थळपाहणीस जाताना व येताना अर्जदाराच्या मोटारसायकलवर अर्जदार व पाहणी अधिकारी यांच्यामध्ये तिसरा इसम बसला होता. त्यामुळे अधिकाऱ्यांस अत्यंत अडचणीने प्रवास करावा लागला. सदर इसमाने डोक्यास चादर गुंडाळली होती. मयताचे पडण्याचे नेमके ठिकाण सदर इसमानेच खड्ड्यात उतरून हाताने दाखविले. सबब तो प्रत्यक्ष साक्षीदार दिसतो. त्याचे नाव, पत्ता व मयताशी नाते कळवावे आणि त्यास जबाबासाठी समक्ष हजर ठेवावे."

भिकननं अजून उत्तर पाठवलेलं नाही. साक्षीदार हजर न झाल्यानं अर्ज प्रलंबित आहे.